शनिवार तेल्यांच्या घरच्या बायका

केंदूरहून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम बघणाऱ्या तुमच्या ताया. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज हप्ता नाही आणि वसुलीही नाही, तेव्हा निवांत ऐका. हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या.

झालं असं, की मसाले आणि पापड घेऊन आम्ही दहाजणी पुण्याला प्रदर्शनाला गेलो होतो. कॅम्पात टेम्पो गर्दीत अडकला. समोर लाल विटांची उंच इमारत, तिच्या मनोऱ्यावर घड्याळ. आमच्यातली एक म्हणाली, चर्च दिसतंय. टेम्पोवाला म्हणाला, "नाही ताई, हे लाल देऊळ. ज्यू लोकांचं. ससूनवाल्यांनी बांधलेलं." एवढं बोलून त्यानं गाडी पुढे काढली आणि आमच्यात प्रश्न सुरू झाले. ज्यू म्हणजे कोण? ससूनवाले म्हणजे दवाखानावाले का? त्यांच्या देवळात देव कुठला? परत येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. मग ठरवलं, की वाचायचं, विचारायचं आणि जे कळेल ते रेडिओवर सांगायचं.

ससून हे नाव आपल्या तोंडी किती वेळा येतं! बाळंतीण अडली, ससूनला न्या. साप चावला, ससूनला न्या. आपल्याला वाटतं ते दवाखान्याचंच नाव. पण ते माणसाचं नाव आहे. डेव्हिड ससून नावाचे व्यापारी बगदादहून, म्हणजे आजच्या इराकमधून, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापसाचा आणि अफूचा व्यापार करून त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूचं ऐकून आमच्यातल्या एका ताईंनी नाक मुरडलं, ते बरोबरच होतं. पण दानधर्मही त्यांनी मोठा केला. पुण्याचा दवाखाना त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि लाल देऊळही त्यांनीच बांधायला घेतलं. ते १८६४ साली पुण्यात वारले, देऊळ १८६७ साली पुरं झालं. त्यांची कबर त्याच आवारात आहे. आत मूर्ती नाही. ज्यू लोक एकच देव मानतात, त्याची मूर्ती करत नाहीत. आत असतो तो त्यांचा हिब्रू भाषेतला धर्मग्रंथ, हातानं लिहिलेला, गुंडाळी करून ठेवलेला.

बातम्यांत आपण इस्रायल हा देश आणि तिथली लढाई रोज ऐकतो. त्यावर आज आम्ही बोलणार नाही. आम्हाला वाचता वाचता जे सापडलं, ते आपल्या फार जवळचं निघालं.

ससून घराणं बगदादचं, घरात अरबी बोलणारं. पण आपल्याच महाराष्ट्रात दुसरे ज्यू आहेत, त्यांची घरातली भाषा मराठी. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. त्यांची आडनावं ऐका: दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर. आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. केहिम म्हणजे अलिबागजवळचं किहीम. अशी शंभरावर आडनावं आहेत आणि रायगड जिल्ह्याचा नकाशा त्यांवरून काढता येईल. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं वेगळं प्रार्थनामंदिर आहे, सुक्कथ शेलोमो नावाचं, १९२१ सालचं. वेगळं का? बगदादी श्रीमंत, गोरे आणि इंग्रजांच्या जवळचे. त्यांना बेने इस्रायल लोक पुरते ज्यू वाटत नसत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहांत यांना मोजायलाही काही बगदादी तयार नसत. एका धर्मातही कुणी कुणाला खालच्या पंगतीत बसवतंच. हे आपल्याला नवीन नाही.

त्यांची स्वतःची कहाणी अशी, की फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे बुडाले. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ती जागा नवगावला अजून जपलेली आहे. पुस्तकं, कपडे, भांडी सगळं पाण्यात गेलं. वाचलेले लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि हिब्रू विसरले. पण शनिवारी घाणा बंद. कितीही गिऱ्हाईक येवो, शनिवारी काम करायचं नाही. म्हणून कोकणातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. लोकांना त्यांचा धर्म माहीत नव्हता, पण त्यांचा सुटीचा वार माहीत होता.

आता ही कहाणी खरी कशावरून? ताम्रपट नाही, शिलालेख नाही, जुनी वही नाही. अशा वेळी अभ्यासक काय करतात, ते बघायला आम्हाला फार मजा आली. कारण ते शेवटी जाऊन पोचले स्वयंपाकघरात.

बेने इस्रायलांमध्ये डेव्हिड राहबी नावाच्या माणसाची गोष्ट सांगतात. हा परदेशी किंवा परगावचा विद्वान ज्यू कोकणात आला. त्याला ऐकून माहीत होतं, की इथले काही लोक शनिवार पाळतात. हे खरे आपले लोक का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं पुरुषांना शास्त्रार्थ विचारला नाही. त्यानं घरातल्या बायकांना मासे दिले आणि म्हटलं, शिजवा. माशांत दोन प्रकार होते, खवलं आणि पर असलेले, आणि नसलेले. बायकांनी मासे निवडले, खवलंवाले चुलीवर घेतले आणि बिनखवल्यांचे बाजूला काढले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. ज्यू धर्मात बिनखवल्यांचा मासा चालत नाही. आपल्याकडच्या वामीला किंवा शिंगाड्याला खवलं नसतात, तसलाच तो. का चालत नाही, हे त्या बायकांना सांगता आलं नसतं. ग्रंथ तर कधीच हरवला होता. सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. राहबीला खूण पटली. त्यानं तिथल्या तीन तरुणांना धर्म शिकवला आणि पुढे त्यांच्या घराण्यांना काजी म्हणू लागले.

हा राहबी कधी आला, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी म्हणतात हजारेक वर्षांपूर्वी. कोणी म्हणतात, तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या राहबी घराण्यातला. त्या घराण्यातल्या एकाचं १७६८ सालचं पत्र सापडलं आहे. त्यात मराठ्यांच्या मुलखातल्या या लोकांबद्दल लिहिलंय, की ते तेल गाळतात, शनिवारी विश्रांती घेतात आणि एक शेमा नावाची प्रार्थना सोडून दुसरं काही त्यांना येत नाही. म्हणजे पेशवाईच्या काळातला लेखी पुरावा आहे. त्याच्या मागचं सगळं लोकांच्या तोंडून आलेलं.

दुसरी खूण सणांची. बाहेरून धर्म शिकायच्या आधी या लोकांचे सण होते, पण सणांची हिब्रू नावं विसरली होती. मग नावं कुणी ठेवली? आम्हाला तर वाचताक्षणी वाटलं, बायकांनीच. नव्याचा सण, म्हणजे नवं वर्ष. खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या दुधात आणि गुळात खीर करायची तो. दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घ्यायची, दिवसभर कडक उपास आणि बाहेरच्यांशी संबंध नाही. जगभरचे ज्यू याला योम किप्पूर म्हणतात, पापाची माफी मागायचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा. जेरुसलेमचं देऊळ पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. आपण मोड आलेल्या वालाचं बिरडं करतो, तेच बिरडं. आणि एक नाव फार गमतीचं, अनाशी धाकाचा सण. आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण, असा त्याचा अर्थ लावतात. ज्यूंचा एक मोठा सण आहे, त्या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, बिनआंबवलेली भाकरी खायची. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हणतात. इजिप्तच्या राजाच्या गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची आठवण. कोकणातल्या घरांत ती आठवण कशी राहिली, तर भांडं झाकायचं आहे एवढीच. भांडं का झाकायचं, ते विसरलं होतं.

बघा ना, आपणही संक्रांतीला सुगड पुजतो. का, असं नातीनं विचारलं तर किती जणींना सांगता येईल?

आणखी एक धागा अभ्यासकांनी ओढला. ज्यूंचा हनुक्का नावाचा दिव्यांचा सण आहे. तो सुरू झाला इसवी सनाच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं. हा सण कोकणातल्या जुन्या सणांत नव्हता. म्हणून हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारख्यांनी मांडलं, की आपले पूर्वज हनुक्का सुरू व्हायच्या आधीच निघाले असणार. म्हणजे बावीसशे वर्षं झाली. दुसरे म्हणतात, असं कसं? एखादा सण विसरलाही असेल. नसलेल्या गोष्टीवरून तारीख काढता येते का? आम्हाला दोन्ही बाजू पटतात, आणि आम्हाला निवाडा करायचाही नाही.

या केहिमकरांबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. त्यांच्या आधी बेने इस्रायलांबद्दल लिहिलं ते मिशनरी लोकांनी. स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत होते. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं आणि या लोकांच्या मुलांना शाळेत शिकवलं. त्यांचा हेतू ख्रिस्ती करण्याचा होता. मुलं हिब्रू शिकली, आपला ग्रंथ वाचू लागली आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले. शिकवणाऱ्याचा हेतू एक आणि शिकणाऱ्यानं त्याचं करायचं वेगळंच, असं झालं! पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठीत भाषांतरं केली. केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. १८९७ साली लिहून झालेला तो इतिहास छापला गेला १९३७ साली, परदेशात, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं आणि पुस्तक निघालं तेव्हा लेखक हयात नव्हते. पण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून बिरड्याचा रोजा आणि अनाशी धाकाचा सण आज आम्हाला तुम्हाला सांगता येतात.

आणि पुण्याचं एक पुस्तक. १८७४ साली पुण्यात त्या वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. तिच्यात चित्रं आहेत. भाकरीची तयारी करणाऱ्या बायका त्यात काढल्यात, लुगडं नेसलेल्या, अंबाडा घातलेल्या. कुठलंही नाव न सांगता ते चित्र दाखवलं, तर आपण म्हणू की ही आपल्या पणजीच्या वेळची लगीनघाई आहे.

कीर्तनाचं तर विचारूच नका. संत कान्हूराज पाठकांच्या केंदूरला कीर्तन काय असतं ते सांगायची गरज नाही. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलांना वाटलं, शेजारचे लोक कीर्तनात किती रंगून जातात, आपल्या कथा अशा का सांगू नयेत? मग बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर अशा मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. चाली आपल्या, कथा त्यांची. पुढे बायका ती कीर्तनं गाऊ लागल्या. मुंबईतून इस्रायलला गेलेल्या बायकांनी गाण्याच्या वह्या सोबत नेल्या, आणि अलीकडे परदेशातले संगीताचे अभ्यासक त्या बायकांकडे बसून गाणी लिहून घेतात आणि ध्वनिमुद्रण करतात. विद्यापीठातून आलेला माणूस आजीच्या समोर जमिनीवर बसून विचारतो, हा शब्द परत म्हणा. हे आम्हाला फार आवडलं.

आता जरा कठीण भाग सांगतो.

१९४८ साली इस्रायल देश झाला. त्या वेळी भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. त्यांतले बहुतेक हळूहळू तिकडे गेले, कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. इथे त्यांच्यावर ज्यू म्हणून कधी हल्ला झाला नाही, हे ते लोक आजही सांगतात. धर्माच्या ओढीनं गेले आणि चांगल्या दिवसांच्या आशेनंही गेले. तिथे गेल्यावर मात्र लग्नाचा प्रश्न आला. तिथे ज्यूंची लग्नं धर्मगुरूंच्या परवानगीनं होतात. काही धर्मगुरू म्हणाले, या लोकांचे जुने विवाह, जुने काडीमोड आमच्या शास्त्राप्रमाणे झाले का, कोण जाणे. ज्यू धर्मात मूल ज्यू की नाही ते आईवरून ठरतं. म्हणून १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंकडून सूचना निघाली, की बेने इस्रायल मुलामुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायच्या आधी तिची किंवा त्याची आई कोण, आजी कोण, पणजी कोण, जाता येईल तितकं मागं जाऊन तपासा.

विचार करा. मुलीचं लग्न ठरलंय आणि समोरचा माणूस विचारतोय, तुमची पणजी कुणाची, कागद आहे का? पणजी अलिबागच्या बाजूच्या एका खेड्यात घाण्याशेजारी चूल मांडून बसलेली. तिचा कुठला कागद? तिचं माहेरचं नावसुद्धा कुणी लिहिलं नव्हतं.

त्या लोकांनी गप्प बसून घेतलं नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांनी मोठं आंदोलन केलं, बायकापोरांसह उघड्यावर ठाण मांडलं. शेवटी तिथल्या संसदेनं जाहीर केलं, की बेने इस्रायल सगळ्या दृष्टीनं ज्यू आहेत, आणि धर्मगुरूंना ती सूचना बदलावी लागली.

यानंतर खूप वर्षांनी रक्ताच्या तपासण्या आल्या. माणसाच्या रक्तातून त्याच्या पूर्वजांचा माग काढता येतो. २०१६ साली असा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की बेने इस्रायलांच्या रक्तात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा अंश आहे आणि इथल्या लोकांचाही, दोन्ही भरपूर. हे मिश्रण झालं साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांत. आईकडून लेकीकडे जो धागा जातो, तोही आधीच्या अभ्यासांत तपासला होता. तो बहुतेक इथलाच निघाला. म्हणजे मूळ पुरुष समुद्रापलीकडचे, आणि मूळ बायका पुष्कळशा इथल्या, कोकणातल्या किंवा आसपासच्या.

हे सात जोडप्यांच्या कहाणीशी जुळत नाही, आणि ज्यांची ती कहाणी आहे त्यांच्यातल्या काहींना ते आवडलंही नसेल. कुणाची कहाणी खोटी पाडायला आम्ही बसलेलो नाही. आणि रक्तावरून धर्म ठरत नाही. घरात लग्न होऊन आलेली बाई त्या घराची होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आमच्या मनात एकच आलं. त्या कुणीतरी कोकणी पोरी, माहेरी सगळे मासे खाणाऱ्या. सासरी आल्या आणि शिकल्या, की हा मासा चालतो, हा नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काम आवरायचं. अमक्या दिवशी दार लावायचं, अमक्या दिवशी भांडं झाकायचं. आणि त्यांनी ते पाळलं, लेकीसुनांना शिकवलं, आणि इतकं पक्कं शिकवलं की शेकडो वर्षांनी राहबी आला तेव्हा तो चुलीवरून ओळखू शकला. पुढे याच बायकांच्या नावानं विचारलं गेलं, की तुमच्या आज्या-पणज्या खऱ्या होत्या का!

जुने काही लेखक म्हणत, की बेने इस्रायलांच्या चालीरीतींत हिंदूंची भेसळ झाली आहे. लग्नात मंगळसूत्र, हळद-मेंदी आणि विधवेनं पुन्हा लग्न न करणं, हे सगळं शेजाऱ्यांकडून घेतलेलं. विधवांचं ते घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं आम्हालाही वाटतं. पण नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः त्यांच्या घरांत जाऊन राहिलेल्यांनी, भेसळ हा शब्द सोडून दिला. मलिद्याचंच बघा. नवस फेडायचा असेल, लग्न ठरलं असेल, कुणी आजारातून उठलं असेल, तर बेने इस्रायल घरी मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं आणि खजूर. तो एलियाहू हन्नाबी नावाच्या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे या प्रेषिताचा रथ उतरला होता अशी त्यांची श्रद्धा आहे. प्रेषित जगभरच्या ज्यूंचा, रथाची चाकोरी आपल्या कोकणातली, आणि नैवेद्य पोह्यांचा. जगातले दुसरे कुठलेच ज्यू त्याला पोहे देत नाहीत.

आज भारतात हा समाज फार थोडा उरलाय, काही हजार. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यांच्यातल्या डॉ. जेरुशा जिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, त्यांनी आपल्या बायकांची किती बाळंतपणं सुखरूप केली असतील! त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश' सिनेमातला जॉनचाचा आठवत असेल, तो नट डेव्हिड बेने इस्रायलच. आणि इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिकडे मराठी नियतकालिक काढलं, त्याचं नाव 'मायबोली'.

हे सगळं तुम्हाला का सांगत बसलो, तर आमच्या एका गटात सध्या एक प्रकरण चालू आहे. नाव सांगत नाही, ताईंनी बोलायची परवानगी दिली आहे. वय सत्तरीच्या पुढे. वडील वारले, भाऊ वारला, आणि माहेरच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचा अर्ज दिला. समोरून प्रश्न आला, तुम्ही त्यांचीच मुलगी कशावरून? जन्माची नोंद नाही. शाळेत गेल्या नाहीत, म्हणून दाखला नाही. लग्नात नाव बदललं. सत्तर वर्षं ज्या नावानं आधार, रेशन, बँक, सगळं झालं, ते नाव माहेरच्या कुठल्याच कागदावर नाही. घरी येऊन ताई आम्हाला म्हणाल्या, "बापाला माहीत होतं मी कुणाची ते. आता बाप नाही."

आम्ही काय केलं? त्यांच्या माहेरी गेलो. त्यांच्या वयाच्या तीन बाया अजून हयात आहेत, त्यांचे जबाब घेतले. लग्नपत्रिका एका चुलतभावाच्या ट्रंकेत निघाली, तिच्यावर वडिलांचं नाव आणि मुलीचं माहेरचं नाव, दोन्ही छापलेलं. देवक बसवताना कोणतं झाड आणलं, हेसुद्धा त्या बायांनी एकसारखं सांगितलं. आणि ताई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या आम्ही लिहून घेतल्या. त्यांत बापाचं नाव आहे, चार भावांची नावं आहेत, विहिरीच्या शेजारच्या आंब्याचं नाव आहे. ओवी कागद म्हणून चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. वकीलबाईंनीही हसून तेच सांगितलं. पण त्या ओवीतल्या नावांवरूनच आम्हाला कळलं की चुलतभाऊ कोणत्या गावात शोधायचा, आणि पत्रिका तिथे सापडली. प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख आहे.

तेव्हा आम्हाला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या कामाची आठवण झाली. त्यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, एक लाखाच्या वर. त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायांच्याही ओव्या आहेत. त्या आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मोबाईल असलेल्या नातीला सांगा, ती लावून देईल.

तर आमच्या केंदूरच्या गटांनी ठरवलंय, दर शनिवारी दुपारी दोन ते चार एक वही घेऊन बसायचं. शनिवार ठरला तो शनिवार तेल्यांमुळे नव्हे, त्या दिवशी मुलांची शाळा सकाळची असते म्हणून. पण हसायला कारण मिळालं. वहीत तीन गोष्टी लिहायच्या. आपलं माहेरचं नाव, आईचं नाव आणि आईचं माहेर, आजीचं नाव आणि आजीचं माहेर. जितकं आठवेल तितकं. त्यानंतर ओव्या. त्यानंतर घरात जे पाळतात पण का पाळतात ते माहीत नाही, असं काहीही. कारण शोधायची घाई करायची नाही, आधी जसं आहे तसं लिहायचं. पहिल्या शनिवारी अकराजणी आल्या. आजीचं माहेर सांगता आलं फक्त चौघींना. एकीनं घरी जाऊन सासूला विचारलं, तर सासू रडायला लागली. म्हणाली, पन्नास वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं.

तुमच्या गटाला असं करायचं असेल तर साधी दोनशे पानी वही पुरते. लिहिता येणारी एकजण हवी, दहावीतली मुलगीही चालेल. शब्द तिच्या शाळेच्या मराठीत सुधारू नका, बाई जशा म्हणतात तसे लिहा. आणि ज्यांना चालवत नाही, ज्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे, अशा आज्या तुमच्या वस्तीवर असतील तर आम्हाला निरोप द्या. पाबळ, कान्हूर, शिक्रापूरच्या बाजूलाही आम्ही येऊ. वही आम्ही आणू, चहा तुम्ही ठेवा.